काठाकाठाने क्योटो : १७८७ सालची तीन दिवसांची सहल

साल १७८७. जपानी गणनेप्रमाणे तेन्मेई सातवं वर्ष. ओसाका शहरात तुमचं कागदाचं छोटंसं दुकान आहे. वहीखात्याचा कागद, छत्रीचा कागद, दारांना लावायचा पातळ कागद असा माल तुम्ही विकता. धंदा बेताचा आहे, पण घर चालतं. या हंगामात लाल झालेले मेपल बघायला क्योटोला जायचं, हे तुम्ही दोन वर्षं ठरवताय आणि दोन वर्षं राहून जातंय.

राहून गेलं त्याला कारणही तसंच होतं. चार वर्षांपूर्वी आसामा डोंगराचा ज्वालामुखी फुटला, थंडीपावसाने पिकं बसली आणि तांदूळ महागतच गेला. या उन्हाळ्यात तर ओसाकात लोकांनी तांदळाची दुकानं फोडली. पाठोपाठ शोगुनाच्या राजधानीत, एदोत, तेच झालं. तेव्हा तुम्ही दुकानाच्या फळ्या लावून आत बसून होता. आता नवा तांदूळ बाजारात येतो आहे आणि गल्लीत पुन्हा हसणं ऐकू येतं. गेलात तर आताच.

तिथी

सगळ्यात आधी तिथी ठरवायची. जपानी महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आपल्या मराठी महिन्यासारखाच. यंदाचा दहावा महिना म्हणजे नेमका आपला कार्तिक. तिकडे पुण्यात दिवाळी नुकती सरली आहे आणि तेरा वर्षांच्या सवाई माधवरावांच्या नावाने नाना फडणवीस कारभार हाकताहेत. इथे पंचांगाने हिवाळा लागल्याचं जाहीर करून टाकलंय, कारण जपानी हिशेबात सातवा, आठवा, नववा हे तीन महिने शरदाचे. पण झाडं पंचांग वाचत नाहीत. क्योटोच्या डोंगरउतारांवर खरा रंग चढतो तो आत्ता.

तुम्ही नवमी ते द्वादशी धरता. त्यामागे दोन हिशेब आहेत. पहिला पानांचा. आणखी आठवडाभर थांबलात तर वाऱ्याने अर्धी पानं खाली आलेली असतील. दुसरा चंद्राचा. शुक्ल पक्षातला वाढता चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो, त्यामुळे उतरताना उशीर झाला तरी वाट दिसते. दिव्याचं तेल वाचतं ते वेगळंच.

घड्याळाचाही विचार करावा लागतो. या काळात पहाट ते संध्याकाळ असे दिवसाचे सहा भाग पाडतात आणि रात्रीचेही सहा. दिवस लहान झाला की त्याचा प्रत्येक भागही आखडतो. उन्हाळ्यात देवळाची घंटा दोनदा होईतो जेवढं चालता येतं, तेवढं आता चालता येत नाही. म्हणजे यादी करताना उन्हाळ्यातल्या माणसाचं ऐकायचं नाही.

कागद, पैसा, पायताण

लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस आपल्या घराण्याच्या देवळातून दाखला घेतो. त्यात नाव, गाव, पंथ लिहिलेला असतो आणि बहुधा एक कोरडं वाक्यही असतं : हा माणूस वाटेत मेला तर तिथल्या रीतीप्रमाणे त्याला मूठमाती द्यावी, घरी कळवण्याची घाई करू नये. क्योटो फक्त तेरा री, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. तिथवर जायला इतका बंदोबस्त कशाला, असं तुम्हांला वाटतं. तरी तुम्ही दाखला करून घेता. अनोळखी गावात आजारी पडलात तर तुम्ही कोण, हे त्या कागदाशिवाय कुणाला कळणार?

पैसे दोन ठिकाणी ठेवता. मोठ्या खर्चासाठी चांदीचे तुकडे पोटाशी, वाटखर्चाला मोन नावाची भोकं पडलेली तांब्याची नाणी दोरीत ओवून कमरेला. साध्या खाणावळीत रात्रीचं जेवण, अंथरूण आणि सकाळची न्याहारी मिळून दोनशे मोनच्या आगेमागे पडतात. गवती चपलांचे दोन जोड जादा घेता, कारण दिवसभर चाललं की जोड संपतो. बाकी एक वेताची टोपी, पोटऱ्यांना बांधायच्या पट्ट्या, पोटदुखीची पुडी आणि शाई-कुंचल्याची नळी. बस्स. पाठीवरचं ओझं चढावर दुप्पट होतं.

यादी

आता सगळ्यात अवघड काम. काय बघायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय सोडायचं?

सात वर्षांपूर्वी, १७८० साली, क्योटोच्या एका प्रकाशकाने ‘मियाको मेइशो झुए’ हे सचित्र पुस्तक काढलं. मजकूर अकिसातो रितोचा, चित्रं ताकेहारा शुंचोसाईची. पक्ष्याच्या नजरेने काढलेली देवळं, अंगणं, पूल आणि त्यांत मुंगीएवढी माणसं. पुस्तक इतकं खपलं की यंदा त्याची पुरवणीही आली. सगळे भाग मिळून पोथ्यांचा गठ्ठाच होतो, त्यामुळे विकत घेणं परवडत नाही आणि बरोबर नेणं तर शक्यच नाही. पुस्तकं भाड्याने देणाऱ्याकडून तुम्ही एकेक पोथी आणता आणि रात्री दुकान बंद करून टिपणं काढता.

दुसरं एक जुनं पुस्तकही हाताशी आहे. कैबारा एकिकेन हा फुकुओकाकडचा विद्वान वैद्य. त्याने या शतकाच्या सुरुवातीलाच क्योटोची स्थळं रोजच्या फेऱ्यांमध्ये वाटून दिली. एका दिवशी एक दिशा, संध्याकाळी मुक्कामी परत. त्याच्या हिशेबाने शहर बघायला सतरा दिवस लागतात. तुमच्याकडे तीन आहेत.

टिपणं वाढत जातात. रिओआनजी या देवळापुढे तुम्ही लिहिता : तळं, जोडीने पोहणारी रंगीत बदकं. त्याच देवळात पांढऱ्या खडीवर पंधरा दगड मांडलेलं एक अंगण आहे, पण पुस्तकाला त्याचं विशेष कौतुक नाही. पुढे त्या दगडांसाठी जगभरची माणसं येतील आणि बदकांविषयी कुणी विचारणारही नाही. ‘बघायलाच हवं’ ही यादी दर काही पिढ्यांनी पालटते. पश्चिमेकडच्या ताकाओच्या डोंगरातले मेपल सगळ्यांत नावाजलेले, पण तिथे जाऊन यायला पुरा दिवस जातो. तुम्ही ताकाओवर काट मारता. हात जड होतो, पण मारता. मग बदकांवरही मारता. उरते ती पूर्वेची डोंगररांग, हिगाशियामा, आणि शेवटच्या दिवशी खुद्द शहर.

नदी

पहाटे ओसाकाच्या हाचिकेन्या धक्क्यावर तुम्ही तीस-कोकू नावेत चढता. नाव सतरा मीटर लांब आणि जेमतेम अडीच मीटर रुंद. उतारू अठ्ठावीस, नावाडी चार. गुडघे दुमडून बसायचं आणि शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून सूर्य वर येताना बघायचा. योदो नदीच्या प्रवाहाविरुद्ध जायचं असल्याने जातानाचं भाडं जास्त. अर्धशतकापूर्वी जाताना १७२ मोन आणि येताना ७२ मोन असा दर होता, त्यावरून नदीचा जोर कळतो. वाटेत नऊ ठिकाणी नावाडी काठावर उतरतात, खांद्यावर दोर घेतात आणि वाकून वाकून नाव ओढतात. त्यांच्या उघड्या पोटऱ्यांवरून चिखल ओघळतो. आपण बसून आलो, हे त्यांच्याकडे बघताना जरा खटकतं.

हिराकाताजवळ छोट्या होड्या येऊन नावेला चिकटतात. भातुकं, साके, गोबोच्या मुळांचं गरम सार. आणि शिव्या.

“ए, झोपलास काय? खा की! पैसे नसतील तर तसं सांग, उगाच तोंड फिरवू नकोस!”

तुम्ही दचकता. शेजारचा म्हातारा मात्र खुशीत आहे. ओसाकाच्या लढाईत या होडीवाल्यांच्या पूर्वजांनी तोकुगावा शोगुनांच्या फौजेला रसद पुरवली, तेव्हापासून त्यांना इथे व्यापार करायची मुभा आहे, आणि समोर सामुराई असला तरी गावरान भाषेतच बोलायचं ही त्यांची मिरास. सार संपल्यावर रिकाम्या वाट्या मोजून पैसे घेतात. म्हणून काही लोक वाटी हळूच नदीत सोडतात म्हणे. तुम्ही सार पिता. मातकट, तिखट आणि थंडीत अगदी हवं तसं.

दुपारनंतर तीन नद्या एकत्र येतात तिथे डाव्या हाताला यामाझाकीचा डोंगर दिसतो. म्हातारा हात जोडतो. वर कांगितेनचं देऊळ आहे. या देवाचं मुख हत्तीचं, आणि बहुतेक मूर्तींत असे दोन हत्तीमुखी देव एकमेकांना मिठी मारून उभे असतात. भारतातून चीनमार्गे इथवर आलेला हा आपला गणपतीच. पण इथे तो मांडवात बसत नाही. त्याची मूर्ती बंद देव्हाऱ्यात असते आणि भक्तांना सहसा दिसतही नाही. त्याला मुळा वाहतात, साके वाहतात. शिवाय एक गोड पदार्थ वाहतात : कणकेच्या पारीत सुवासिक मसाल्यांचं पुरण भरून, वर आठ चुण्या आवळून, तिळाच्या तेलात तळलेली पुरचुंडी. तिचं नाव कांकिदान, आणि तिचा मूळपुरुष म्हणजे मोदक. क्योटोत कामेया कियोनागा हे १६१७ सालचं मिठाईचं दुकान ती बनवतं.

अंधार पडता पडता नाव फुशिमीला लागते. साकेच्या भट्ट्यांचा आंबूस वास, धक्क्यावर कंदील, खाणावळवाल्यांची ओढाताण. तुम्ही पहिल्याच दारात शिरता.

पहिला दिवस : दक्षिणेकडून

सकाळी फुशिमीच्या रस्त्याने उत्तरेला चालायला लागायचं. उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला सखल शहर. पुढचे दोन दिवस हा डोंगर तुमच्या उजवीकडून हलणार नाही. वाट चुकायची भीती नाही, हा या आखणीचा पहिला फायदा.

इनारीच्या देवस्थानात कोल्ह्यांना नमस्कार करून तुम्ही तोफुकुजीला पोचता. नारा शहरातल्या तोदाईजी आणि कोफुकुजी या दोन मोठ्या देवळांच्या नावांतलं एकेक अक्षर घेऊन तेराव्या शतकात हा मठ उभा राहिला. त्याच्या आवारातून एक ओढा वाहतो. ओढ्याच्या घळीवर लाकडी पूल आहे, त्सूतेनक्यो. पुलावर उभं राहिलं की पाय रंगावर असतात, कारण मेपलचे शेंडे तुमच्या खाली. पिवळा, केशरी, मग एकदम रक्ताचा लाल. माणसं कठड्याला टेकून कविता लिहिताहेत. दोघं भांडताहेत. एक मूल खाली थुंकू पाहतंय आणि आजी त्याचा कान धरून उभी आहे.

इथे चेरीचं एकही झाड का नाही, त्याचीही एक कथा आहे. मिन्चो नावाचा चित्रकार भिक्षू इथे होऊन गेला. त्याने बुद्धाच्या महानिर्वाणाचं भलं मोठं चित्र काढलं. शोगुन योशिमोची खूश झाला आणि काय हवं ते माग म्हणाला. मिन्चोने मागितलं ते असं, की आवारातली चेरीची झाडं तोडावीत, नाहीतर वसंतात लोक इथे मजा मारायला येतील आणि साधना बुडेल. झाडं तोडली गेली. राहिले मेपल. आता शरदात गर्दी पुलावर मावत नाही. मिन्चोची सोय फक्त एका ऋतूपुरती झाली.

दुपारी सांजूसांगेंदो. सुमारे १२० मीटर लांबीचं हे देवालय १२६६ साली पुन्हा बांधलं. आत कानोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, एक हजार एक मूर्ती. समोरच्या रक्षकदेवतांकडे जरा वेळ काढून बघा. जपानी नावं बाजूला सारलीत तर ओळखीची मंडळी भेटतात : इंद्र, ब्रह्मदेव, गरुड, नारायण. मागच्या लांबलचक ओसरीवर धनुर्धाऱ्यांची स्पर्धा होते. एका टोकाला बसून, छताला न लावता, दुसऱ्या टोकापलीकडे बाण काढायचा. १६८६ साली वासा दाइहाचिरो याने एका दिवसरात्रीत १३,०५३ बाण सोडले आणि त्यांतले ८,१३३ पार गेले. तुळयांवर चुकलेल्या बाणांच्या खुणा आहेत.

रस्त्यापलीकडे होकोजीचा महाबुद्ध. आतला लाकडी बुद्ध सुमारे १९ मीटर उंच, नाराच्या प्रसिद्ध बुद्धाहूनही उंच. मान मोडेपर्यंत वर बघा, कारण याला उणीपुरी अकरा वर्षं उरली आहेत. १७९८ साली वीज पडून देऊळ आणि मूर्ती दोन्ही जळतील. मागे राहील ती बाहेरची १६१४ सालची अजस्र घंटा, जिच्यावरच्या चार अक्षरांत आपल्या नावाचे तुकडे केले असं म्हणत तोकुगावांनी ओसाकाच्या किल्ल्यावर चाल केली. देवळासमोरची मातीची टेकडी मात्र बघून गप्प व्हायला होतं. सेनानी हिदेयोशीच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांत कापून आणलेली हजारो माणसांची नाकं तिच्याखाली पुरलेली आहेत.

मुक्काम सांजो पुलाजवळ. एदोहून येणारा हमरस्ता याच पुलाशी संपतो, त्यामुळे खाणावळींना तोटा नाही. मालकीणबाई तुमची यादी वाचतात आणि हसतात. “तीन दिवसांत एवढं? आमचे इथलेसुद्धा वर्षभरात करत नाहीत हो. उद्या लवकर निघा, एवढंच सांगते.”

दुसरा दिवस : डोंगराच्या पायथ्याने

कियोमिझूचा चढ उन्हं तापायच्या आत चढायचा. तिथलं मुख्य देवालय १६३३ सालचं. त्याचा सज्जा झेल्कोव्हाच्या अठरा भक्कम खांबांवर, खिळा न ठोकता, तेरा मीटर उंचावर तोललेला आहे. इथून उडी मारून जो वाचतो त्याचा नवस पुरा होतो, अशी समजूत. मठात या उड्यांच्या नोंदी ठेवतात. १६९४ ते १८६४ या काळातल्या हाती असलेल्या नोंदींत अशा दोनशेहून अधिक घटना आहेत, आणि दहातली आठांहून अधिक माणसं वाचली. खाली तेव्हा दाट झाडी आणि मऊ माती होती. तुम्ही कठड्याला घट्ट धरून वाकता, खालचे लाल शेंडे बघता आणि नवस मनातल्या मनात बोलून मागे सरता.

मग उत्तरेकडे. गिओनचं देवस्थान, चिओनइन, नांझेनजीचं १६२८ सालचं प्रचंड महाद्वार. दुपारी एइकानदो. इथल्या अमिदा बुद्धाची मान वळलेली आहे. अकराव्या शतकात एइकान नावाचा भिक्षू पहाटे प्रदक्षिणा घालत असताना मूर्ती पीठावरून उतरली आणि त्याच्यापुढे चालू लागली. तो थक्क होऊन थांबला, तेव्हा बुद्धाने वळून मागे पाहिलं आणि चल म्हटलं, अशी कथा. मूर्ती लहानशी, तीन फुटांहून कमी. समोरून चेहरा दिसत नाही, बाजूला जावं लागतं. बाहेर तळ्याकाठचे मेपल इतके लाल की भिंतींवरही त्यांची झाक पडते.

शेवटी चांदीचं म्हणून ओळखलं जाणारं गिनकाकूजी. १४८९ साली उभारायला घेतलेल्या या दुमजली वास्तूला चांदी कधी लागलीच नाही. जुन्या लाकडाचा करडा रंग, समोर वाळूचा ढीग. खाली उतरता तेव्हा चंद्र वर आलेला असतो. वाढत्या चंद्राचा हिशेब कामी येतो.

तिसरा दिवस : मध्यभागी

आज डोंगराकडे पाठ करून शहरात. तीन लाखांहून जास्त वस्तीचं शहर, सरळ रेषांत आखलेलं, सगळं लाकडाचं. छपराला छप्पर लागलेलं.

आधी सम्राटाच्या वाड्याची भिंत. आत शिरायची सोय नाही, पण भिंतीचीही एक ताजी गोष्ट आहे. याच उन्हाळ्यात, भुकेने गांजलेली माणसं या भिंतीभोवती प्रदक्षिणा घालू लागली. दाद मागायला दुसरं दार उरलं नव्हतं. हळूहळू गर्दी रोज हजारोंवर गेली. ओसाकाहूनही लोक आले, तुमच्या गल्लीतलेही. निवृत्त सम्राज्ञी गो-साकुरामाची यांनी त्यांना तीस हजार सफरचंदं वाटली आणि पंधरा वर्षांच्या कोकाकू सम्राटाने शोगुनाच्या कारभाऱ्यांना धान्य सोडायला सांगितलं. सम्राटाने राज्यकारभारात बोलायचं नाही असा शिरस्ता असताना हे घडलं, आणि धान्य सुटलंही. आज भिंत शांत आहे. एक माळी पानं झाडतोय.

पुढे निशिजिन. रस्त्याला जरीचा एक धागाही दिसत नाही, पण प्रत्येक दाराआडून मागाची खटखट येते. मग हिगाशी होंगानजीचं विशाल देवालय. दुपारी आतेभावासाठी पंखा, घरासाठी लोणचं, आणि स्वतःसाठी कागदाचे नमुने, कारण धंदा सुटत नाही. संध्याकाळी फुशिमीला जाऊन रात्रीची नाव. प्रवाहाबरोबर झोपेतच ओसाका येतं.

आग

चार महिनेही होत नाहीत. पहिल्या महिन्याच्या तिसाव्या तिथीला, ७ मार्च १७८८ रोजी, पहाट व्हायच्या आत कामो नदीच्या पूर्वतीरावर दोंगुरी गल्लीतल्या एका रिकाम्या घराला आग लागते. वारा सोसाट्याचा. ठिणग्या नदी ओलांडतात. दोन दिवसांत सुमारे ३७ हजार घरं जातात. सम्राटाचा वाडा जातो, निजो किल्ल्याचा आतला महाल जातो, हिगाशी होंगानजी जातं, निशिजिनचे माग जातात.

काही दिवसांनी ओसाकात पत्रकं विकायला येतात. शहराचा नकाशा, त्यात जळालेला भाग रंगवलेला. तुम्ही एक विकत घेता आणि दुकानात पसरता. तिसऱ्या दिवशी जिथे जिथे फिरलात ते सगळं रंगाखाली. मग बोट पूर्वेला सरकतं. कियोमिझू कोरं. सांजूसांगेंदो कोरं. एइकानदो, गिनकाकूजी, दक्षिणेचं तोफुकुजी कोरं. सम्राटही निसटला तो पूर्वेकडच्याच शोगोइन मठात, आणि नवा वाडा होईतो तिथेच राहिला.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही आणि शेवटचंही नाही. ओनिनच्या लढाईत, १४६७ नंतरच्या दहा वर्षांत, शहर जळालं. १७०८ साली जळालं. १८६४ साली पुन्हा जळेल. डोंगराच्या पायथ्याचे मठही जळतात, पण एकेकटे. त्यांच्यामध्ये झाडी, ओढे आणि चढ आहेत, त्यामुळे आग एका मठाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही. आणि मेपलही तिथेच, त्याच ओढ्यांच्या काठी. क्योटोतलं जुनं लाकूड आणि लाल पान बहुतेक एकाच काठावर का सापडतं, त्याचं उत्तर या नकाशात आहे.

आणि आता तुमची सहल

आज तुम्ही कान्साई विमानतळावर उतरता तेही ओसाकाच्याच दारात. हाचिकेन्याच्या जुन्या धक्क्याशेजारी तेनमाबाशी स्थानक आहे. १९१० साली सुरू झालेली केइहान रेल्वे तिथून जवळपास नावेच्याच वाटेने जाते. स्थानकांची नावं वाचत चला : हिराकाताशी, फुशिमी-इनारी, तोफुकुजी, शिचिजो, कियोमिझू-गोजो, सांजो. तुमचा पहिला दिवस आणि दुसऱ्याची सुरुवात या एका फाट्यावर ओळीने मांडलेली आहे. दिवसभराची नदी आता तासाभरात संपते.

तिथीही पुन्हा तीच ठरवायची आहे. हल्ली रंग साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भरतो आणि कधी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतो. त्या दिवसांत सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो आणि पुष्कळ देवळं त्याच सुमाराला दारं लावतात. म्हणजे दिवसाला तीन ठिकाणं खूप झाली. तोफुकुजीला दार उघडतानाच पोचा. ऐन हंगामात पुलावर फोटो काढायला बंदी असते, तिचा राग धरू नका. तिच्यामुळेच पुलावरची रांग हलते. तो पूल वादळात पडल्यावर १९६१ साली पुन्हा उभारलेला आहे, शेजारचं महाद्वार मात्र पंधराव्या शतकातलं. एइकानदो आणि कियोमिझू शरदात रात्रीही दिव्यांत खुली असतात, तेव्हा त्यांतलं एखादं संध्याकाळनंतर ठेवा.

तिसरा दिवस मध्यभागाला द्याच. फक्त तिथे आठशे वर्षांचं लाकूड शोधू नका. हिगाशी होंगानजी १७८८ नंतर आणखी तीनदा जळालं आणि आजचं देवालय १८९५ सालचं आहे. त्याच्या तुळया चढवायला दोर पुरेना, तेव्हा देशभरच्या बायकांनी आपले केस कापून दिले. त्या केसांचे वळलेले दोर तिथे मांडून ठेवलेत. सम्राटाचा वाडाही पुन्हा पुन्हा बांधलेला. मध्यभागात बघायची ती जळाल्यावर पुन्हा उभं राहायची या शहराची खोड. गिओनमध्ये कामेया कियोनागा अजून कांकिदान तळतात. एक घ्या आणि चुण्या मोजा.

लहान सहलीत क्योटो ‘करून’ होत नाही. एकिकेनला सतरा दिवस लागले होते. यादी मनसोक्त लिहा आणि मग ताकाओसारखं आवडतं काहीतरी खोडायची हिंमत करा. डोंगर उजव्या हाताला ठेवून दोन दिवस चाला, तिसरा दिवस शहराला द्या, आणि सोनेरी किंकाकूजी राहिलं म्हणून हळहळू नका. ते १९५० साली जळालं होतं आणि आजची वास्तू १९५५ सालची आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली खोली मात्र पावसाळ्यातच राखून ठेवा. सांजो पुलाजवळच्या खाणावळी आजही भरलेल्याच असतात.